कपाटाची किल्ली कुणाकडे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या भिवंडीत करिअर गाइडन्सचे शामियाने उभे राहतात. शाळेच्या मैदानावर, शादी हॉलमध्ये, जागा मिळेल तिथे खुर्च्या मांडल्या जातात. गुणवंतांचे सत्कार होतात, ट्रॉफ्या आणि शाली वाटल्या जातात. मग मुंबई-पुण्याहून बोलावलेले पाहुणे यशाच्या कहाण्या सांगायला उभे राहतात. गेल्या काही वर्षांत या कहाण्यांत एक कहाणी हमखास असते. विलायतेतली एक तलाकशुदा बाई. कडेवर तान्ही मुलगी, हाती पैसा नाही, सरकारी भत्त्यावर गुजराण. कॅफेत बसून ती मुलांसाठी जादूची गोष्ट लिहिते. बारा प्रकाशक बाड परत पाठवतात, पुढचा छापतो, आणि बाई जगातल्या श्रीमंत लेखिकांत जाऊन बसते. एवढे सांगून झाले की पाहुणे समोरच्या मुलांकडे बोट करतात, "वो कर सकती है तो तुम क्यों नहीं कर सकते?" टाळ्या पडतात. चहा-बिस्किटे होतात. शामियाना उतरतो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारे लोक मागच्या रांगेत बसून हे ऐकत असतो. जे. के. रोलिंगबाईंच्या यशाबद्दल आम्हाला असूया नाही. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत त्यांनी हॅरी पॉटरची सात पुस्तके लिहिली, त्यांच्या पन्नास कोटींहून जास्त प्रती खपल्या, ऐंशीहून अधिक भाषांत ती गेली. मेहनतीशिवाय असे होत नाही, हे आम्हीही मुलांना सांगतो. आमचा आक्षेप ही कहाणी अर्धीच सांगण्यावर आहे. मेहनतीचा अर्धा भाग सांगायचा आणि उरलेला अर्धा गाळायचा, याचा अर्थ समोरच्या पोराला एवढेच सांगायचे की तू वर येऊ शकला नाहीस, तर कसूर तुझाच. यंत्रमागाच्या खडखडाटात दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला असे सांगणे ही प्रेरणा नव्हे. ही जबाबदारी झटकण्याची सोपी तरकीब आहे.

गाळलेला अर्धा भाग

म्हणून आधी तो गाळलेला भाग पाहू. रोलिंगबाई १९९३च्या अखेरीस पोर्तुगालहून लहान मुलीला घेऊन एडिंबरोला आल्या, तेव्हा त्यांच्याकडे काम नव्हते. पण त्या देशात बेकार आईला भत्ता मिळत होता, घरभाड्याला मदत मिळत होती. त्यामुळे घरात चूल पेटत राहिली आणि बाई लिहीत राहिल्या. पुढे त्यांनी शिक्षिका होण्यासाठी आपल्या बी.एड.सारखा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा केला. म्हणजे त्या आमच्याच बिरादरीतल्या. हा तपशील शामियान्यात कुणी सांगत नाही. गरीब बाईपेक्षा गरीब शिक्षिका कमी चमकदार वाटत असावी.

पुस्तक छापायला घेतले लंडनच्या ब्लूम्सबरीने. तिथल्या प्रमुखाने बाडाचे सुरुवातीचे प्रकरण घरी नेले आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीला दिले. ती वाचून खाली आली आणि पुढचे मागू लागली. एका मुलीचे मत एका प्रकाशकाला पुरेसे वाटले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २६ जून १९९७ला पुस्तक आले, तेव्हा पुठ्ठाबांधणीच्या फक्त ५०० प्रती निघाल्या. त्यातल्या सुमारे ३०० प्रती गेल्या ग्रंथालयांत. पुन्हा वाचा. जगातल्या सर्वांत खपाऊ बालकादंबऱ्यांपैकी एकीची निम्म्याहून जास्त पहिली आवृत्ती दुकानात न जाता ग्रंथालयांच्या फळीवर गेली. त्याच वर्षी स्कॉटिश आर्ट्स कौन्सिलने पुढच्या लेखनासाठी त्यांना आठ हजार पौंडांचे अनुदान दिले. त्याच वर्षी मुलांच्या मतांवर ठरणारा स्मार्टीज पुरस्कार पुस्तकाला मिळाला. सिनेमा, अफाट पैसा हे सारे त्यानंतरचे.

खुद्द रोलिंगबाईंना याची जाण होती. २०१०मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लेख लिहून त्यांनी सांगितले, की कर वाचवायला आपण देश सोडून जाणार नाही. पडत्या काळात ज्या सरकारी व्यवस्थेने आपल्याला सावरले तिचे देणे आपण लागतो. जिच्या नावाने आमच्या मुलांना 'स्वतःच्या हिमतीवर'चा सबक दिला जातो, ती बाई स्वतः म्हणते की आपल्या हिमतीखाली कुणीतरी जमीन धरून ठेवली होती. भत्ता, ग्रंथालय, अनुदान, मुलांचा पुरस्कार आणि मुलीचे ऐकणारा प्रकाशक. या पाच गोष्टी काढून घ्या आणि मग सांगा, उरलेल्या मेहनतीचे काय झाले असते?

फास्टर फेणेच्या बापाचे काय झाले?

त्याचे उत्तर शोधायला विलायतेला जावे लागत नाही. आपल्या महाराष्ट्रात भा. रा. भागवत नावाचे लेखक होऊन गेले. जन्म १९१०, मृत्यू २००१. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांसाठी आणल्या. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही नावे वाचूनच पोर पुस्तकावर झडप घालते. आणि त्यांचा सर्वांत लाडका मानसपुत्र म्हणजे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला, सायकलवर सुसाट जाणारा, 'ट्टॉक्' करणारा बनेश ऊर्फ फास्टर फेणे. वीस पुस्तके. मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्या या पोरावर वाढल्या. कल्पनाशक्ती, विनोद, मुलांच्या मनाची पकड, भाषेवरची हुकमत यांत भागवत कुठे कमी होते?

पण त्यांची 'करिअर' पाहा. पन्नासच्या दशकात त्यांनी आणि लीलावतीबाईंनी मुलांसाठी 'बालमित्र' मासिक चालवले. काही वर्षांनी ते थांबले. ऐंशीच्या दशकात फास्टर फेणे दूरदर्शनवर आला. मोठ्या पडद्यावर तो झळकला २०१७च्या ऑक्टोबरात, लेखकाच्या मृत्यूला सोळा वर्षे झाल्यावर. सिनेमाला गर्दी झाली, पेपरांत आठवणींचे लेख आले. मान मिळाला, प्रेम मिळाले, पण मराठीत मुलांसाठी लिहून सुखाने घर चालवता येते असा दाखला त्यांच्याही आयुष्यातून निघाला नाही. हजार-अकराशे प्रतींच्या आवृत्तीवर कुणाची चूल पेटते? मराठीत मुलांचा लेखक म्हणजे नोकरी सांभाळून, भाषांतरे करून, उरलेल्या वेळात मुलांवर उपकार करणारा माणूस.

आणखी एक गंमत बघा. हॅरी पॉटर मराठीत आला, 'हॅरी पॉटर आणि परीस' हे नाव मुलांच्या ओळखीचे झाले. छापला कुणी? भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने. उर्दूत तो आला कराचीहून, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून. मराठी भोपाळहून, उर्दू कराचीहून! पुणे-मुंबईच्या बड्या प्रकाशकांनी आणि मुंबई-मालेगाव-भिवंडीच्या उर्दूवाल्यांनी याचा थोडा विचार करावा. मुलांच्या पुस्तकात पैसा नाही म्हणणारे लोक पैसा दुसरे नेऊ लागले की बघत बसतात.

जादूची भीती कुणाला?

आता आपल्या घरातली एक हरकत ऐकून घेऊ. काही पालक आम्हाला येऊन सांगतात, "सर, ये जादू-वादू की किताबें बच्चों को मत दीजिए, ईमान कमज़ोर होता है." त्यांच्या काळजीचा आम्ही आदर करतो. जादूटोणा करणे दीनमध्ये निषिद्ध आहे, याबद्दल वाद नाही. पण जादू करणे आणि जादूची गोष्ट वाचणे यांतला फरक आठ वर्षांच्या पोरालाही कळतो. सिंहाची गोष्ट वाचून कुणी पोर डरकाळ्या फोडत जंगलात गेल्याचे ऐकिवात नाही. गमतीची बाब अशी, की लोकलच्या डब्यात चिकटलेल्या बाबा बंगालीच्या जाहिराती याच पालकांच्या डोळ्यांसमोर असतात. चोवीस तासांत वशीकरण, सौतन से छुटकारा, बिज़नेस में बरकत! ईमान खरेच कमजोर करणारा तो धंदा राजरोस चालतो. त्याच्याविरुद्ध बोलायला कुणी पुढे येत नाही. बोट उचलले जाते ते पोराच्या हातातल्या गोष्टीच्या पुस्तकाकडे.

आणि अद्भुताची गोष्ट आपल्याला परकी कधी झाली? अमीर हमजाची दास्तान कुणाची? बादशहा अकबराने हमजानाम्याची सुमारे चौदाशे चित्रे करवून घेतली. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने दास्तानगोंकडून 'तिलिस्म-ए-होशरुबा' लिहून घेतले आणि १८८३पासून खंडामागून खंड छापले. त्यातल्या अमर अय्यारकडे अंगावर घेतली की माणूस दिसेनासा होतो अशी गिलीम आहे, आणि सारी दुनिया मावेल अशी जंबील आहे. हॅरी पॉटरचा अदृश्य करणारा अंगरखा पाहून आमची मुले चकित होतात, कारण अमर अय्यार त्यांना कुणी भेटवलाच नाही. मराठीने तर अरबी रात्रींच्या गोष्टी एकोणिसाव्या शतकातच उचलल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्या 'सुरस व चमत्कारिक' म्हणून मराठीत आणल्या आणि मराठी घरांतली मुले सिंदबाद आणि अलीबाबावर वाढली. ज्यांच्या पेटाऱ्यातून साऱ्या जगाने अद्भुत नेले, त्यांच्याच मुलांना आज अद्भुत वर्ज्य?

आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत हे असे नव्हते. दिल्लीचे 'खिलौना' मासिक घरी येई. कृष्ण चंदर यांच्यासारख्या मोठ्या लेखकाने मुलांसाठी 'उल्टा दरख़्त' लिहिले. सिराज अन्वर यांच्या 'काली दुनिया', 'नीली दुनिया' या कादंबऱ्यांसाठी पोरे आतुर असत. 'खिलौना' बंद पडला. मुंबईतून 'गुलबूटे' काढण्याची धडपड झाली, ती आम्ही पाहिली. अशा धडपडीला समाजाचे जे पाठबळ लागते ते किती मिळाले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. २०१६च्या डिसेंबरात राष्ट्रीय उर्दू परिषदेचा पुस्तक मेळा भिवंडीत भरला. नोटाबंदीचे दिवस, लोकांच्या हातात रोकड नाही, तरी गर्दी लोटली. बुरख्यातल्या आया मुलांचे बोट धरून स्टॉलवर उभ्या होत्या. आमच्या गावाला वाचायचे नाही, असे म्हणणाऱ्याने ती गर्दी आठवावी.

कुलूप आणि जडसंग्रह

मग अडते कुठे? शिक्षण हक्क कायदा २००९मध्ये संमत झाला, १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे, की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची पुस्तके असतील. गोष्टींच्या पुस्तकांचा उल्लेख तिथे मुद्दाम केलेला आहे. म्हणजे गोष्ट ही मेहरबानी नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. प्रत्यक्षात कितीतरी शाळांत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले एक लोखंडी कपाट. किल्ली कारकुनाकडे, कारकून रजेवर. तपासणीच्या दिवशी कपाट उघडते, धूळ झटकली जाते, जडसंग्रह नोंदवहीतले आकडे जुळवले जातात, पुन्हा कुलूप लागते. पुस्तक हरवले तर भरपाई शिक्षकाच्या गळ्यात पडणार, म्हणून शिक्षकही हात आखडता घेतो. नवे पुस्तक आणि न वाचलेले पुस्तक यांत फरकच उरत नाही. पाने फाटली नाहीत म्हणून शाबासकी देणारी जगातली ही एकमेव व्यवस्था असावी!

आम्हाला भेटलेल्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. आठवीत असताना तिने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर एक लांबलचक कहाणी लिहिली होती. रात्री कारखान्याचे दिवे मालवले, मुकादम झोपला, की माग आपोआप चालू होतात. सकाळी कापडाचा तागा उलगडून पाहावा तर त्यावर विणलेला असतो एका अनोळखी शहराचा नकाशा. त्या शहराचा रस्ता शोधत एक मुलगी बीमच्या आतून पलीकडे जाते. भिवंडीत जन्मलेल्या, मागाच्या आवाजाला अंगाई समजून झोपलेल्या पोरीलाच हे सुचू शकते. एडिंबरोत कुणाला सुचणार नाही. ही कहाणी कुठे पाठवायची? शाळेच्या वार्षिकात संस्थाचालकांचे संदेश आणि सत्कारांचे फोटो होते, मुलीच्या गोष्टीला पाने नव्हती. उर्दूत लिहिलेली गोष्ट मराठी मासिकाकडे पाठवण्याची सोय नव्हती. पुढे दहावीला तिला चांगले गुण मिळाले. शामियान्यात ट्रॉफी मिळाली. रोलिंगबाईंची कहाणीही तिला ऐकवली गेली. तू काय लिहितेस, हे मात्र तिला कुणी विचारले नाही.

आणि याच तालुक्यात हायवेच्या दोन्ही अंगांना मैलोन्‌मैल गोदामे पसरली आहेत. देशभर घरपोच माल पाठवणाऱ्या बड्या ऑनलाइन कंपन्यांची कोठारे इथे आहेत. आमच्या शाळांतून बाहेर पडलेली पोरे तिथे पाळीने खोकी उचलतात, चिकटपट्ट्या लावतात. त्या खोक्यांत पुस्तकेही असतात, हॅरी पॉटरही असतो. आमच्या पोरांच्या हातांवरून तो दुसऱ्यांच्या घरी जातो. यावर आणखी भाष्य करायची गरज आम्हाला वाटत नाही.

खुलासे पुरे, आता गोष्ट

आता थोडे आपल्या साहित्याविषयी, कारण हे वार्षिक वाचणारे आपण सारे त्याचे हिस्सेदार आहोत. १९९०मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले. त्याच्या कितीतरी आधी हमीद दलवाईंचे 'इंधन' आले होते. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' आपण वाचले. कविता झाल्या, कथा झाल्या, आत्मकथने झाली, वैचारिक लेखांचे ढीग झाले. त्याची किंमत आम्ही कमी करत नाही. पण एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. आपले बरेचसे लेखन खुलासे देण्यात गेले. आम्ही इथलेच आहोत, आमची भाषा मराठी आहे, आम्ही तसे नाही, आमच्यातही सुधारणावादी आहेत. बाहेर कुणीतरी सवाल करतो आणि आपण जवाब लिहीत बसतो. दंगलीनंतर तर जवाबाखेरीज दुसरे काही लिहिण्याची उसंतच मिळाली नाही. १९७० आणि १९८४ पाहिलेल्या भिवंडीला हे सांगायला नको.

पण दहा वर्षांच्या मुलाला खुलासा नको असतो. त्याला गोष्ट हवी असते. मराठी पाठ्यपुस्तकात आणि बालसाहित्यात मुसलमान मूल येते ते बहुधा ईदच्या दिवशी. शीरखुर्मा वाटते, एकात्मतेचा संदेश देते आणि वर्षभरासाठी गडप होते. प्रेमचंदांच्या 'ईदगाह'मधला हमीद अजून चिमटा हातात घेऊनच उभा आहे. त्याला सायकल कोण देणार? त्याने चोर कधी पकडायचा, समुद्राच्या तळाशी कधी जायचे, चंद्रावर स्वारी कधी करायची? फारूक काझी यांच्यासारखे मोजके शिक्षक-लेखक मराठीत मुलांसाठी लिहितात आणि मुस्लिम घरातले मूल सहजपणे गोष्टीत आणतात. एवढ्या मोठ्या समाजाला मोजकी माणसे कशी पुरतील?

कुणी म्हणेल, उर्दू माध्यमाची मुले मराठी वाचणार कुठे? याचा अनुभव आम्ही सांगतो. राज्याने २०२०मध्ये कायदा करून सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. उर्दू शाळांत ती आधीपासून शिकवली जातेच. पण सक्तीने गुण मिळतात, भाषा अंगात मुरत नाही. सातवीच्या वर्गात व्याकरणाचे पुस्तक मिटून फास्टर फेणे मोठ्याने वाचला, तेव्हा अडलेले शब्द मुलांनी स्वतःहून विचारले. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. शेवटी मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, ये भिवंडी कब आएगा?" त्याला मराठी परकी वाटली नव्हती. फक्त फास्टर फेणे त्याच्या गल्लीत यायचा राहिला होता. मराठी आणि उर्दू यांच्यातला पूल ठरावांनी बांधला जात नाही. त्यावरून आधी एखादे पोर सायकल हाकत जावे लागते.

आणखी एक सवाल येतो आणि तो खोटा नाही. मंदीत माग बंद पडतात, घरात मीठ-मिरचीची पंचाईत, तिथे गोष्टींच्या पुस्तकांचे कौतुक कसले? आधी रोटी, मग किताब. पण रोटी की किताब, असा हिशेब गरिबांच्या मुलांपुढेच का मांडला जातो? ज्या दहावीच्या टक्क्यांसाठी क्लासची फी भरताना बाप कर्ज काढतो, त्या टक्क्यांचे मूळ वाचनातच आहे. उतारा वाचून समजत नाही म्हणून आमची मुले गणितातही अडतात, कारण गणितही आधी वाचावे लागते. आणि रोजीचा विचार केला तरी रोलिंगबाईंच्या पोटापाण्याची सोय शेवटी कशाने केली? मनात रचलेल्या गोष्टीनेच ना! कल्पना ही श्रीमंतांची चैन आहे, हे आम्हाला श्रीमंतांनीच शिकवले.

आम्हाला काय हवे

तक्रार करून थांबणे शिक्षकाला शोभत नाही, म्हणून साध्या मागण्या मांडतो.

शाळा चालवणाऱ्या संस्थांनी कपाटाचे कुलूप काढावे. पुस्तके वर्गात दोरीवर टांगावीत, आठवड्यात एक तास फक्त वाचनाला द्यावा. हरवलेली, फाटलेली पुस्तके दरवर्षी ठराव करून खर्ची टाकावीत आणि शिक्षकाला भरपाईच्या भीतीतून मोकळे करावे. फाटलेले पुस्तक हा नुकसानीचा पुरावा न मानता वाचल्याचा पुरावा मानावा.

शामियाने उभारणाऱ्या मेहरबानांनी ट्रॉफ्यांचा निम्मा खर्च पुस्तकांकडे वळवावा. लाकडी ट्रॉफी शोकेसमध्ये बसते, पुस्तक मोहल्ल्यात फिरते. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मोहल्ल्यातल्या वाचनालयाला मान्यता आणि अनुदान मिळू शकते. त्यासाठी अर्ज करणारे, हिशेब ठेवणारे चार तरुण उभे करावेत. आणि त्या वाचनालयात मुलींना आणि त्यांच्या आयांना बेधडक येऊन बसता येईल अशी वेळ आणि जागा राखून ठेवावी. रोलिंगबाईंना कॅफेत टेबल मिळाले. आमच्या मुलीला लिहायला बसायचे तर जागा कुठे आहे?

सरकारकडेही एक मागणे आहे. बालभारती १९७१पासून 'किशोर' मासिक मराठीत काढते. पाठ्यपुस्तके उर्दूत छापणाऱ्या बालभारतीने 'किशोर'मधले निवडक साहित्य उर्दूत आणि उर्दू मुलांनी लिहिलेले मराठीत का आणू नये? खर्च मोठा नाही, इच्छा हवी.

मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाने बालसाहित्याला शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची वेळ देऊ नये. एक पुरस्कार मुलांच्या पुस्तकाला ठेवावा आणि त्याचा निकाल समीक्षकांनी न लावता मुलांनी लावावा. हवे तर आमच्या शाळांतली मुले परीक्षक म्हणून घ्या. ती पक्षपात करणार नाहीत. कंटाळवाणे पुस्तक ती सरळ बाजूला ठेवतील, मग लेखक कितीही मोठा असो.

आणि शेवटची मागणी या वार्षिकाच्या संपादकांकडे आणि लेखकांकडे. पुढच्या अंकात सोळा पाने मुलांसाठी राखून ठेवा. तिथे खुलासा नको, संदेश नको, ईदच्या शुभेच्छाही नकोत. एक खणखणीत गोष्ट हवी, जिच्यात एखादी रेहाना किंवा इम्रान संकटात सापडेल आणि डोके चालवून बाहेर येईल. लेखक मिळत नसतील तर आमच्याकडे या. वह्यांची मागची पाने आम्ही जपून ठेवली आहेत.